उजवीकडची पाकळी

“काकू, जरा बाजूला होता का? फोटोत येताय तुम्ही,” असं ती मुंबईहून आलेली बाई म्हणाली आणि मी मुकाट्याने बाजूला झाले. बाजूला होऊन मागच्या खांबाला टेकल्यावर मनात आलं, अगं बाई, ही आपल्याला कशातून बाजूला करतेय? समोरची चिऱ्यांची ओली भिंत म्हणजे माझ्या संसाराचं जे वाटोळं झालं त्याचा देखावा होता. तो माझ्या मुलीने, सावनीने, उभा केला होता. सबंध रत्नागिरीत त्याच्यासमोर उभं राहण्याचा हक्क कोणाला असेल तर तो मला होता, आणि मी मात्र शिपायाने हटकलेल्या पालकासारखी हलले. त्या बाईने खाली बसून, मान वाकडी करून, एक डोळा मिटून फोटो काढला. मग मोबाइल लांब धरून बघितला आणि स्वतःशीच म्हणाली, किती सुंदर. त्या शब्दाला माझा पाय चुकल्यासारखा झाला, जिना उतरताना अजून एक पायरी आहे असं वाटावं आणि ती नसावी तशी. राग नव्हता तो. राग मी लगेच ओळखते, लॉकडाऊनपासून आम्ही एकाच घरात राहतो.

नंतर कळलं की तिचं नाव वेदिका, मुंबईच्या कुठल्याशा मोठ्या गॅलरीकडून आली होती आणि सावनीचं काम बघायला मुद्दाम आली होती. मी आई आहे हे कळल्यावर ती फार ओशाळली. मला वाटलं तुम्ही इथल्या, एवढं म्हणाली आणि पुढचा शब्द गिळलान. तिचं चुकलं नव्हतं. माझी साडी शाळेतून आलेली होती, खांद्याला पिशवी होती, पिशवीत दहावीचे पेपर आणि मेथीची जुडी होती. आणि हे कलादालन तरी कसलं, मिरकरवाड्याच्या रस्त्यावरचा बंद पडलेला बर्फाचा कारखाना. बोटींना बर्फ देणारे दुसरे आले, हा बंद पडला, मालकाच्या मुलाने चुना मारून घेतला आणि पाटी लावली. पाटी नवी, वास जुना. भिंतींना अजून मासळीचा आणि बर्फ करायच्या अमोनियाचा वास येतो. जमिनीतून ओल वर चढते. सावनी म्हणे जागा बघून वेडी झाली. ओल तिला फुकट मिळत होती. मला मात्र आत पाऊल टाकल्यावर पहिल्यांदा वाटलं ते हे, की इथे बर्फाच्या लादीत मासा ठेवावा तसं आम्हाला ठेवलं आहे, डोळे उघडे ठेवून.

देखावा कसा होता ते सांगते. मधोमध पुरुषभर उंचीची जांभ्या चिऱ्यांची भिंत. आतून नळी फिरवलेली, त्यामुळे दगड सतत पाझरत असलेला. भिंतीवर उजव्या बाजूला आणि डाव्या बाजूला तगरीच्या ओल्या पाकळ्या चिकटवलेल्या. बघणारा समोरच्या बाकावर बसायचा, मनात काहीतरी विचारायचा आणि कुठली पाकळी आधी पडते ते बघत राहायचा. आपल्याकडे देवीला कौल लावतात तोच प्रकार. गुरव पाषाणावर दोन्ही बाजूंना पाकळ्या लावतो, गाऱ्हाणं घालतो, उजवी पडली की होय, डावी पडली की नाही. लग्न जमवायचं, विहीर खणायची, मुंबईची खोली विकायची, सगळं त्या पाकळ्यांवर. भिंतीच्या समोर, बाकाच्या मागे, एक भली मोठी पांढरी चादर टांगली होती आणि तिच्यावर आंब्याच्या चिकाने एक रेघ काढलेली. चीक कपड्याला लागला की काळा डाग पडतो तो मेल्यावरही जात नाही. रेघ डावीकडून वर वर चढत गेली होती, मग थोडी लटपटली होती आणि मग सरळ खाली, चादरीच्या काठापर्यंत. देवदत्तांचा, म्हणजे सावनीच्या वडिलांचा, शेअर बाजारातला शेवटचा दिवस. चादर माझ्या रुखवतातली. एखादी जुनी चादर दे म्हणाली, मला वाटलं मुंबईच्या खोलीत अंथरायला हवी असेल, मी धुऊन, इस्त्री करून दिली. कोपऱ्यातला माझ्या हातचा मोराचा टाका तेवढा शाबूत होता. मी तिला हळूच विचारलं, या सगळ्यात मी कुठे गं? तर गळ्यात हात टाकून म्हणाली, “तू म्हणजे चादर, आई.” प्रेमाने म्हणाली. प्रेमाने म्हटलेल्या गोष्टीला उत्तर देता येत नाही, ही माझी जन्माची अडचण आहे.

आमच्याकडे जुगाराला जुगार म्हणत नाहीत. सड्यावर, म्हणजे उघड्या कातळावर, सासऱ्यांनी सुरुंग लावून खड्डे फोडले, माती वाहून आणून भरली आणि हापूसची बाग केली. मोहोर बघून ती अख्खी बाग व्यापाऱ्याला आधीच एकरकमी खंडून द्यायची, मग पुढे थ्रिप्सची कीड पडो, वारा सुटो, ज्याचं नशीब त्याचं, याला आम्ही व्यवहार म्हणत आलो. देवदत्त त्या व्यवहारात मुरलेले. झाडाखाली उभं राहून, मोहोराचा वास घेऊन किती पेट्या निघतील ते सांगायचे आणि ते फारसं चुकायचं नाही. लॉकडाऊनमध्ये गाड्या अडकल्या, आंबा घरात पिकून गळायला लागला, आणि हा माणूस झोपाळ्यावर बसून मोबाइलमध्ये बघू लागला. पहिल्यांदा मला वाटलं बातम्या बघतात. मग कळलं की तो शेअर बाजार होता आणि तिथे दोनच बटणं होती, एक हिरवं आणि एक तांबडं, वर जाणार की खाली जाणार. आंबा यायला वर्ष लागतं आणि हे दहा मिनिटांत येतं, असं ते मला समजावून सांगायचे तेव्हा त्यांचे डोळे असे चमकायचे की पंचविशीतला नवरा मला परत मिळाला असं एकदा वाटून गेलं होतं. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. पहिले काही महिने चांगलेच गेले, आणि तेच वाईट झालं.

मग बाग विकून सगळं त्यात घालायचं ठरलं, तेव्हा कौल लावायला आम्ही सगळे देवळात गेलो. सावनी तेव्हा बडोद्याला चित्रकला शिकत होती, सुट्टीवर आली होती, तीही आली. रामा गुरवाने पाकळ्या लावल्या. डावी पडली. पडली म्हणजे कशी, आम्ही नीट बसायच्या आतच पडली. देवदत्त म्हणाले, वरचा पंखा चालू होता. पंखा बंद करून पुन्हा लाव म्हणाले. रामा म्हातारा, आयुष्यभर त्याने भाऊ भाऊ म्हणून यांचा मान ठेवलेला, पण त्या दिवशी हात पुसत शांतपणे म्हणाला, “देवीन नाय म्हटलान, भाऊ. पुन्ना पुन्ना इचारून ती काय व्हय म्हणायची?” त्या दिवशी आम्ही परत आलो. पुढच्या मंगळवारी हे एकटे जाऊन आले. त्याच्या पुढच्या मंगळवारी गेले ते पेढे घेऊनच घरी आले. उजवा कौल मिळाला. गावभर सांगितलं, देवीचा उजवा कौल आहे. मी नववी-दहावीला बीजगणित शिकवते. संभाव्यतेच्या धड्यात पहिल्याच तासाला मी मुलांना सांगते की नाणं पुन्हा पुन्हा उडवत राहिलात तर कधी ना कधी छापा पडणारच, त्याला देव लागत नाही. त्या पेढ्यांतला एक मी खाल्ला होता. गोड होता. पुढचं काय सांगायचं, बाग गेली, मग राहतं घर गेलं, आणि आम्ही माळनाक्याजवळ एका दवाखान्याच्या वरच्या दोन खोल्यांत भाड्याने आलो. खालून दिवसभर लहान पोरांच्या इंजेक्शनचं रडणं येतं.

आता हेच देवदत्त त्या भिंतीशेजारी उभे राहून लोकांना समजावून सांगत होते. एरवी ते आंब्याच्या दिवसांत कॅनिंगवाल्याच्या काट्यावर बसतात, दुसऱ्यांच्या बागेतला आंबा तोलून घ्यायला, मान खाली घालून. प्रदर्शन लागल्यापासून मात्र त्यांनी काट्यावर रजा टाकली होती. इस्त्रीचा सदरा, केसांना तेल. लोक त्यांना विचारत, तुम्हीच का ते? आणि ते नम्रपणे मान हलवत. कोण कुठले मंडणगडहून कॉलेजची मुलं घेऊन आलेले सर, कोण डॉक्टर, कोण वकील, सगळे त्यांच्याभोवती. हे सांगत की माणूस खेळत नाही, खेळ माणसाला खेळतो. हे वाक्य त्यांना कोणी दिलं कोण जाणे. लोक हुंकार भरत. डावे कौल ते वगळत. देवीने उजवा दिला आणि तरी असं झालं, असं सांगितलं की गोष्टीला वजन येतं, ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. माझ्याही अंगावर यायचा, वेगळ्या कारणाने. जो माणूस बाजारात तोंड लपवून भाजी घ्यायचा तो बुडाल्याबद्दल टाळ्या घेत होता, आणि मला त्याचा मत्सर वाटत होता. खरंच वाटत होता. बुडायला धाडस लागतं म्हणे. मागे राहून भांडी विसळायला काय लागतं ते विचारायला अजून कोणी बडोद्याहून शिकून आलेलं नाही.

मी काय केलं या वर्षांत? मी पहारा केला. देवदत्तांच्या हातात साधा बटणांचा फोन आहे. माझा मोठा फोन मी न्हाणीघरात जातानाही बरोबर नेते, झोपताना कुठेतरी लपवते आणि ती जागा मधून मधून बदलते. ते खिडकीशी फार वेळ उभे राहिले की मी उठून बघते. दुकानात सुटे आणायला पाठवत नाही. शेजारच्या समर्थला, कॉलेजातला मुलगा आहे, मी सांगून ठेवलंय की काकांना मोबाइल देऊ नको. म्हणजे चोवीस तास एका माणसाकडे बघत राहायचं. लग्नानंतर पहिल्या वर्षी बघितलं नव्हतं एवढं मी त्यांच्याकडे बघितलं. आणि बघता बघता असं झालं की त्यांना कुठे जाता येत नाही तसं मलाही कुठे जाता येत नाही. तुरुंगाच्या दाराला बाहेरून कडी असते म्हणतात, पण ती धरून बसणाऱ्याला तिथेच बसावं लागतं ना.

त्यातून सुटायची एक वाट मी ठेवली होती. गुहागरला माझ्या माहेरचं सुपारीचं आगर आहे, त्यातला एक तुकडा आणि चिऱ्याच्या दोन खोल्या बाबांनी माझ्या नावावर केल्या. बाकीचं दत्तात्रेयदादा बघतो, माझ्याही झाडांचं शिंपण तोच करतो. देवदत्तांनी बुडत असताना ते आगर माझ्याकडे मागितलं होतं. गोड बोलून मागितलं, रडून मागितलं, एकदा माझ्या पायांवर डोकं ठेवलं. फक्त एकदा, सुनेत्रा, या वेळी नक्की आहे. मी दिलं नाही. त्या एका नाहीवर मी आजवर उभी आहे. येत्या महिनाअखेर मी निवृत्त होते. जयगडहून फेरीबोटीने तवसाळला उतरायचं आणि पलीकडे जायचं, एकटीने. दादाला वाटत होतं आम्ही दोघं येणार. मी त्याला खोल्या झाडून ठेव एवढंच सांगितलं होतं. सुपारीच्या आगरात दुपारीसुद्धा थंडावा असतो, वर झावळ्या हलतात आणि खाली पाणी फिरतं. तिथे खाटेवर पडायचं आणि कोणाकडेही बघायचं नाही. रोज वर्गात फळ्यावर समीकरण सोडवताना मी मनात ती खाट कुठे टाकायची ते ठरवत असे.

त्या संध्याकाळी सावनीने मला कारखान्यामागे धक्क्याकडच्या बाजूला नेलं. बोटी लागलेल्या, जाळी वाळत पडलेली, कावळ्यांचा कलकलाट. तिने मला कोकम सरबत आणून दिलं तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. वेदिकाला काम फार आवडलं होतं. मुंबईत मोठं प्रदर्शन आहे, तिथे हीच भिंत नाही, अख्खा मंडप करायचा, चारी बाजूंनी भिंती, माणूस मधे अडकून बसेल असा. तिथे बाहेरून लोक विकत घ्यायला येतात. पण बांधायचा खर्च आपला. मुंबईतली चित्रकला शिकवायची शाळेतली नोकरी तिने गेल्या महिन्यात सोडलीही होती, मला आज सांगत होती. चिरे, कारागीर, गोदाम, वाहतूक, सगळं ती भराभर बोलत होती आणि मी तिचे हात बघत होते. बोटांना आंब्याच्या चिकाने काळे चट्टे पडले होते. मग ती थांबली आणि म्हणाली, “आई, गुहागरचं आगर. तू तिथे राहायला जाणार आहेस का कधी? नुसतं पडून आहे. फक्त एकदा, आई. या वेळी नक्की आहे.”

तिला ठाऊक नव्हतं ते कोणाचे शब्द आहेत. बापाने ते स्वयंपाकघरात, दार लावून म्हटले होते, ती तेव्हा बडोद्याला होती. तरी शब्द तेच, त्याच क्रमाने. मी सरबत पीत राहिले, फार गोड झालं होतं. आपलंच रक्त आहे, त्याचं जे व्हायचं ते होणार, असं म्हणून हसण्यावारी न्यावं, तर जीभ उचलेना. एक मन म्हणत होतं, वेडे, हा जुगार नाही. ही तुझी मुलगी आहे, शिकलेली आहे, काम करतेय, रात्रंदिवस राबतेय, मुंबईची बाई स्वतःहून आली आहे. नवऱ्याने उधळलं आणि मुलीला दिलं नाहीस, कसली आई तू? दुसरं मन तिच्या डोळ्यांकडे बघत होतं, ते बापासारखेच चमकत होते. ‘बघते,’ मी म्हणाले. ती उडी मारल्यासारखी उठली आणि आत गेली, आणि मला कळलं की तिने माझं ‘बघते’ हे ‘होय’ म्हणून ऐकलं.

मी तिच्या मागोमाग आत गेले. दालन त्या वेळी रिकामं होतं, लोक बाहेर चहाला गेले होते. सावनी भिंतीसमोर उभी होती, पाठ माझ्याकडे. तिने उजवीकडे एक पाकळी लावली, डावीकडे एक लावली, आणि बाकावर न बसता तशीच हात मागे बांधून उभी राहिली. काय विचारलं ते सांगायला नको. भिंतीतली नळी तिने उजव्या अंगाला जास्त मोकळी सोडली होती, उजवी पाकळीच आधी सुटावी म्हणून, हे देवदत्तच लोकांना कौतुकाने सांगत, मोह नेहमी होयच म्हणतो असं काहीसं. तरीही डावी पडली. सावनीने खाली वाकून ती उचलली, पाण्यात बुडवली आणि होती तिथे परत चिकटवली. अंगठ्याने चांगली दाबून. मग पुन्हा हात मागे बांधले. मी खांबाआड होते. मला हाक मारावीशी वाटली आणि मारवली नाही. देवळात मी होते तेव्हाही मी अशीच बघत होते. भिंत पाझरत होती, छताला कुठेतरी पाल चुकचुकली, आणि मला वाटलं की या दालनाला बाहेर जायचं दारच नाही, आपण आलो ते कुठून आलो कोण जाणे.

मी बाहेर येऊन पायरीवर बसले. देवदत्त चहाचा कागदी कप घेऊन आले, माझ्या हातात दिला आणि शेजारी बसले. मधे माणूस मावेल एवढं अंतर ठेवून बसायची आमची सवय. काही वेळ ते धक्क्यावरचा लिलाव उरकून परतणाऱ्या बायांकडे बघत राहिले. मग म्हणाले, “सावनीने तुझ्याकडे आगर मागितलेन ना?”

मी विचारलं, कोणी सांगितलं. कोणी नाही म्हणाले, ती धक्क्यावरून येताना तिचं तोंड बघितलं.

“देऊ नकोस,” ते म्हणाले.

मला हसू आलं. या माणसाच्या प्रत्येक वाक्याच्या मागे दुसरं वाक्य उभं असतं हे मी केवढ्या किमतीला शिकले आहे. मी दुसऱ्या वाक्याची वाट बघत बसले. ते येईना तेव्हा, लागावं म्हणूनच, मी विचारलं, “का? तुम्हाला हवंय?”

“हो,” ते म्हणाले. “मला हवंय.” त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. आवाज लोकांना गोष्ट सांगतानाचा नव्हता. “हे प्रदर्शन लागल्यापासून तेच आहे डोक्यात. लोकांना सांगताना ते परत दिसतं मला. बोटं शिवशिवतात. तुझा फंड येणार, त्यात आगराचे घातले तर काय होईल, त्याची मांडणी मी रोज करतो. मी मागणार आहे तुझ्याकडे, सुनेत्रा. आज नाही तर पुढच्या महिन्यात. पाया पडेन. सावनीचं नाव पुढे करेन. तेव्हाही देऊ नकोस. आज शुद्धीवर आहे तोवर सांगून ठेवतो.” मग चहाचा घोट घेऊन, भाव सांगावा इतक्या साधेपणाने म्हणाले, “आणि फोन तांदळाच्या डब्यात ठेवतेस तो ठेवू नकोस. मला ठाऊक आहे ती जागा. गेल्या आठवड्यात एकदा झाकणाला हात लावून परत आलो. दर वेळी परत येईनच असं नाही.”

मी त्यांच्याकडे बघितलं. म्हणजे रोज बघते तसं नाही, चोराकडे बघावं तसं नाही. पासष्टीला आलेला, गालफडं बसलेला, सदऱ्याची वरची गुंडी तुटलेला माणूस होता तो, आणि तो घाबरला होता. मला त्याचा इतका संताप आला की कप हातात चेपला आणि चहा साडीवर सांडला. खोटं बोलला असता तर किती बरं झालं असतं. आगर मला दे म्हणाला असता, सावनीला दे म्हणाला असता, काहीही, नेहमीचं काहीही. खोट्या माणसाला टाकून फेरीबोटीत बसता येतं. मी त्यासाठीच तर एवढी वर्षं त्याचं खोटं गोळा करून ठेवलं होतं, वाटखर्चाला. आणि याने आज, ऐन वेळी, कोणी मागितलेलं नसताना खरं आणून माझ्या पदरात टाकलं. डब्याच्या झाकणाला लावलेला तो हात मला दिसायला लागला. मी गुहागरला खाटेवर पडले आहे, वर झावळ्या हलताहेत, आणि इकडे दवाखान्यावरच्या खोलीत तो हात झाकणावर आहे. मागे घ्यायला कोणी नाही.

चहाचा डाग पदराने टिपत मी उठले, आत गेले आणि सावनीला नाही म्हणून सांगितलं. लांबण लावली नाही. तिच्या शेजारी वेदिका होती, ती शहाणी, लगेच फोनवर बोलत दूर गेली. सावनी रडली नाही. तिचं तोंड लहानपणी ताप आल्यावर व्हायचं तसं तांबडं झालं. ती म्हणाली, “बाबांना नाही म्हणालीस ते समजू शकते मी. पण मी काय बाबा आहे?” मी तिच्या बोटांचे काळे चट्टे बघत उभी राहिले. नाही गं, असं म्हणायला आईला कितीसा वेळ लागतो? ती वाट बघत होती. मला ते म्हणता आलं नाही, आणि ते तिला कळलं. मग ती वळून नळी बंद करायला गेली, कारण दालन मिटायची वेळ झाली होती. बंद केल्यावरही भिंतीतून पाणी बराच वेळ येत राहिलं.

आम्ही दोघं रस्त्यावर येऊन रिक्षाची वाट बघत उभे राहिलो. मासळीचे टेम्पो जात होते आणि रिक्षा भरून येत होत्या. देवदत्तांनी माझी पिशवी घेतली होती, पेपर आणि मेथीसकट, आणि ते माझ्यापासून जरा पुढे उभे होते, हात केला तर रिक्षावाल्याला दिसावं म्हणून. तेवढ्यात दत्तात्रेयदादाचा फोन आला. खोल्या झाडून झाल्या, भिंतीला चुना मारून घेतला, आता सामान कधी येतंय तेवढं सांग म्हणजे उतरवून घ्यायला माणूस ठेवतो. त्याच्या मागे आगरातलं पाणी पडताना ऐकू येत होतं, पंप चालू असावा. मी म्हटलं, दादा, माझं एवढ्यात यायचं जमत नाही.

“का गो?” दादा म्हणाला. “आता तर सुटशील ना शाळेतून?”

“सुटेन,” मी म्हटलं. “इथे काम आहे.”

निवृत्त बाईला कसलं काम, असं विचारून तो हसला. मग करते म्हणून मी फोन बंद केला. रस्त्यापलीकडे एक रिक्षा थांबली होती आणि देवदत्त तिकडे जाऊन, आत न बसता, दांडी धरून माझी वाट बघत होते. फोन मुठीत घट्ट धरून मी रस्ता ओलांडला.